तक्त्यातले नाव आणि त्यासमोरचे बटण

दिवाळी सरत आली की बीड जिल्ह्यातल्या अनेक गावांत ट्रक आणि ट्रॅक्टर भरू लागतात. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि मार्च-एप्रिलकडे परततात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. या हिशेबात मुलांचा उल्लेख नसतो, पण बरीच मुले आईबापांबरोबर जातात. काही आजीजवळ थांबतात, काही हंगामी वसतिगृहात राहतात. शाळेत मात्र दर वर्षी तोच प्रश्न पुढे येतो : या मुलांच्या नावांचे काय करायचे?

कागदाच्या नोंदवहीने या प्रश्नाचे एक शहाणपणाचे उत्तर फार पूर्वीच शोधून ठेवले आहे. जनरल रजिस्टरमधले नाव आपण खोडरबराने पुसत नाही. दुरुस्ती करायची झाली तर तांबड्या शाईची एक रेघ, वर नवी नोंद आणि बाजूला मुख्याध्यापकांची सही. रेघेखालचे नाव वाचता येते, आणि बदल कोणी केला तेही कळते.

हीच यादी संगणकाच्या पडद्यावर आली की काय होते ते पाहा. सुबक तक्ता दिसतो, आणि प्रत्येक नावासमोर तीन बटणे असतात : पाहा, बदला, पुसा. तिसरे बटण दाबले की नाव जाते आणि मागे रेघही उरत नाही.

ही बटणे तिथे कोणी ठेवली? ती काढता येतात का? त्यांच्या जागी आपल्याला हवे ते बटण बसवता येईल का? या लेखात आपण याच प्रश्नांची उत्तरे शोधू. सोयीसाठी धारूर तालुक्यातली, बालाघाटाच्या डोंगरातली एक लहानशी शाळा कल्पू आणि तिच्यासाठी मुलांची यादी तयार करू.

तयार चौकट

आपण पायथन ही संगणकभाषा वापरणार आहोत. नेदरलँड्सच्या गुइडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ मध्ये प्रथम खुली केली. वाचायला सोपी असल्यामुळे आज ती शाळा-महाविद्यालयांतही शिकवली जाते.

ब्राउझरमध्ये दिसणारी कोणतीही यादी तयार करताना काही कामे पुन्हा पुन्हा करावी लागतात. कोणी काय मागितले ते समजून घेणे, माहितीच्या साठ्यातून ते काढणे, त्याचे पान जुळवणे आणि मागणारा कोण आहे हे ओळखणे. दर वेळी हे पहिल्यापासून लिहिणे म्हणजे घर बांधताना प्रत्येक दाराची चौकट लाकूड तासण्यापासून सुरू करण्यासारखे आहे. म्हणून ही कामे आधीच करून ठेवलेले संच मिळतात. त्यांना वेब फ्रेमवर्क म्हणतात. आपण त्यांना ‘चौकट’ म्हणू. पायथनसाठी अशा अनेक चौकटी आहेत. जँगो ही अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातील एका वृत्तपत्राच्या कचेरीत घडली आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. फ्लास्क २०१० मध्ये आली.

आम्ही इथे वेब-टू-पाय निवडली आहे, कारण ती एका शिक्षकाने बनवली. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात शिकवणारे मास्सिमो दि पिएरो यांनी विद्यार्थ्यांना शिकवण्याचे साधन म्हणून २००७ मध्ये ती तयार केली. ती फुकट मिळते, पेन ड्राइव्हवरूनही चालते आणि एकदा उतरवून घेतली की शिकण्यासाठी इंटरनेट लागत नाही. तिच्याच कर्त्याने पुढे पाय-फोर-वेब नावाची नवी चौकट रचली आहे. पण आपण जे पाहणार आहोत त्यातला विचार सगळ्या चौकटींना लागू पडतो.

तक्ता येतो कुठून?

माहिती ओळी आणि रकाने यांच्या तक्त्यांत ठेवावी, ही कल्पना आयबीएम कंपनीतले संशोधक एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडली. आपल्या शाळेच्या डेटाबेसमध्ये ‘मुले’ नावाचा एक तक्ता असेल. एका मुलाची एक ओळ. नाव, इयत्ता, जन्मतारीख, गाव, पालकांचा फोन हे रकाने. शिवाय प्रत्येक ओळीला संगणक स्वतःहून एक क्रमांक देतो, आणि तो दुसऱ्या कोणत्याही ओळीला मिळत नाही. वर्गात एकाच नावाच्या दोन मुली असल्या तरी या क्रमांकामुळे त्यांची गल्लत होत नाही.

हा साठवलेला तक्ता कपाटातल्या रजिस्टरसारखा आहे. पडद्यावर दिसतो तो तक्ता वेगळा. कोणीतरी ‘पाचवीतली मुले दाखवा’ म्हटले की सर्व्हर कपाट उघडतो, तेवढ्याच ओळी उतरवून घेतो आणि त्यांचे पान करून पाठवतो. पडद्यावरचा तक्ता म्हणजे त्या क्षणी काढलेली नक्कल.

वेब-टू-पायमध्ये हे काम ‘ग्रिड’ नावाची सोय करते. तिला फक्त ‘मुले’ हा तक्ता सांगायचा. या एका ओळीच्या बदल्यात बरेच काही हाती येते : शोधण्याची चौकट, मथळ्यावर टिचकी मारून क्रम लावण्याची सोय, एका पानावर २० ओळी, नवी नोंद करण्याचे बटण, प्रत्येक ओळीसमोर पाहा-बदला-पुसा आणि तळाशी सगळी यादी फाइल म्हणून उतरवून घेण्याची बटणे.

म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. पुसण्याचे बटण आपल्या शाळेचा विचार करून कोणी ठेवलेले नाही. ग्रिडला कोणी काही सांगितले नाही, तर ती सगळेच देऊन टाकते. सांगण्याचे काम आपले आहे.

रकाने : काय दाखवायचे आणि कसे

आधी रकाने पाहू. कोणते रकाने दिसावेत याची यादी ग्रिडला देता येते. मथळेही बदलता येतात. साठ्यात रकान्याचे नाव काहीही असो, पडद्यावर ‘मुलाचे/मुलीचे नाव’ असे लिहिता येते.

साठवलेली गोष्ट आणि दाखवलेली गोष्ट एकच असण्याची गरज नसते. जन्मतारीख साठवताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस या क्रमाने ठेवली की तारखांचा क्रम बरोबर लागतो. दाखवताना मात्र ‘५ नोव्हेंबर २०१४’ अशी दाखवावी. यासाठी प्रत्येक रकान्याला एक छोटी कृती जोडता येते. साठलेले मूल्य तिच्या हाती द्यायचे आणि वाचण्याजोगे रूप परत घ्यायचे.

मराठी नावांच्या बाबतीत एक गंमत होते. ग्रिड एका घरात मूळ स्थितीत २० चिन्हांपर्यंतच मजकूर दाखवते, पुढे टिंबे देते. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव आपण ज्ञा, ने, श्व, र असे चार अक्षरांत वाचतो. युनिकोड पद्धतीत मात्र त्याची दहा चिन्हे होतात, कारण हलन्त, काना, मात्रा ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘ज्ञानेश्वर विश्वनाथ’ एवढ्यातच १९ चिन्हे संपतात आणि आडनावाला जागा उरत नाही. ही मर्यादा एका आकड्याने वाढवता येते. ज्याने ती ठरवली त्याच्या डोळ्यांपुढे मराठी नावे नव्हती, इतकेच.

क्रम लावतानाही असेच जपावे लागते. हजेरी क्रमांकाचा रकाना ‘मजकूर’ म्हणून ठेवला तर यादी १, १०, ११, २ अशी लागते, कारण संगणक पहिले चिन्ह आधी पाहतो. तो रकाना ‘संख्या’ म्हणून ठेवला की क्रम सुधारतो. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ हा ‘ह’ नंतर येतो, पण युनिकोडच्या तक्त्यात तो ‘ल’ च्या लगेच पुढे बसवला आहे. म्हणून संगणक ‘काळे’ हे आडनाव ‘कावरे’ च्या आधी लावतो. कॅटलॉगचा आणि पडद्याचा क्रम जुळला नाही तर आधी हे तपासावे.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. पालकांचा फोन पडद्यावर दिसू नये म्हणून आपण तो रकाना यादीतून वगळला. काम झाले असे वाटते. पण ग्रिडच्या तळाशी असलेल्या उतरवून घेण्याच्या बटणांत एक बटण पडद्यावर न दिसणाऱ्या रकान्यांसकट यादी देणारेही असते. जे पडद्यावर झाकले ते फाइलमधून बाहेर पडते. मुलांची माहिती असलेल्या यादीत ही बटणे बंद ठेवणेच बरे. त्यासाठी एका शब्दाची सूचना पुरते.

बटण दाबले म्हणजे काय घडते?

आता बटणांकडे वळू. पडद्यावरचे बटण विजेच्या बटणासारखे दिसते, पण त्यातून प्रवाह सुरू होत नाही. ते दाबले की ब्राउझर सर्व्हरला एक निरोप पाठवतो. १७ क्रमांकाच्या ओळीसमोरच्या ‘पुसा’ बटणात ‘मुले, पुसा, १७’ अशा अर्थाचा पत्ता दडलेला असतो.

असे निरोप मुख्यतः दोन जातींचे असतात. एक ‘गेट’, म्हणजे ‘मला दाखवा’. दुसरा ‘पोस्ट’, म्हणजे ‘हे घ्या आणि यानुसार बदल करा’. ‘दाखवा’ या निरोपाने साठ्यात काही बदलू नये, असा वेबचा संकेत आहे. हा संकेत मोडला तर काय होते ते २००५ मध्ये दिसले. त्या वर्षी गूगलने ‘वेब ॲक्सिलरेटर’ नावाचा एक प्रोग्रॅम आणला. पाने लवकर उघडावीत म्हणून तो पानावरच्या दुव्यांमागची पाने आधीच मागवून ठेवत असे. ज्या संकेतस्थळांनी ‘पुसा’ हे काम साध्या दुव्यावर ठेवले होते, तिथे या प्रोग्रॅमने ते दुवेही मागवले आणि लोकांच्या नोंदी पुसल्या गेल्या. कोणी माणसाने बटण दाबलेच नव्हते.

म्हणून नियम असा : बदल घडवणारे बटण ‘पोस्ट’ निरोपच पाठवील असे पाहावे.

बटण कुठे असावे यालाही शास्त्र आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये हाताच्या हालचालींवर प्रयोग केले. लक्ष्य जितके जवळ आणि मोठे, तितका हात तिथे लवकर पोचतो. लक्ष्य लांब आणि लहान असेल तर वेळ अधिक लागतो. रोज लागणारे बटण मोठे आणि हाताशी ठेवावे, आणि धोक्याचे बटण त्याच्यापासून लांब. ‘बदला’ आणि ‘पुसा’ ही बटणे शेजारी-शेजारी ठेवणे म्हणजे शाईच्या दौतीजवळ पाण्याचा पेला ठेवण्यासारखे आहे. आम्ही काल्पनिक नावांची यादी करून पाहिली तेव्हा मोबाइलच्या लहान पडद्यावर आमच्याच बोटाने दोनदा चुकीचे बटण दाबले.

आपल्या शाळेचे बटण

आता आपल्या यादीत प्रत्यक्ष बदल करू.

पहिला बदल : पुसण्याचे बटण काढून टाकणे. ग्रिडला ‘डिलीटेबल’ या शब्दापुढे ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, असे सांगितले की ते नाहीसे होते. ‘एडिटेबल’ या शब्दाने बदलण्याच्या बटणाचे असेच करता येते. इथे सरसकट हो किंवा नाही म्हणण्याऐवजी ओळ पाहून उत्तर देणारी छोटी कृतीही देता येते. उदाहरणार्थ, पाचवीच्या बाईंना पाचवीच्याच ओळींसमोर ‘बदला’ दिसावे.

दुसरा बदल : साठ्यात ‘स्थिती’ नावाचा एक रकाना वाढवणे. त्यात तीनच शब्द चालतील असे ठरवू : ‘उपस्थित’, ‘स्थलांतरित’, ‘दाखला दिला’. सोबत ‘गेल्याची तारीख’, ‘गेलेले ठिकाण’ आणि ‘परतल्याची तारीख’ हे रकाने. ऊसतोडीला गेलेले मूल शाळा सोडून गेलेले नसते. दोन्हींसाठी एकच ‘पुसा’ बटण असेल तर हा फरक यादीतून नाहीसा होतो, आणि मार्चमध्ये परतलेल्या मुलीला आपली जागा नव्याने मागावी लागते. शिक्षण हमी कार्ड देताना, किंवा तिकडच्या शाळेला कळवताना, हेच तीन-चार रकाने लागतात.

तिसरा बदल : स्वतःचे बटण. ग्रिडला ‘लिंक्स’ या नावाखाली आपल्या बटणांची यादी देता येते. त्यातली प्रत्येक वस्तू ही एक छोटी कृती असते. ग्रिड एकेक ओळ तिच्या हाती देते आणि ती त्या ओळीपुरते बटण तयार करून देते. आपली कृती ‘स्थिती’ पाहील. ती ‘उपस्थित’ असेल तर ‘स्थलांतराची नोंद करा’ हे बटण देईल. ‘स्थलांतरित’ असेल तर ‘परत आल्याची नोंद करा’ हे देईल. दाखला दिलेला असेल तर काहीच देणार नाही. बटण दाबले की तारीख आणि ठिकाण विचारणारा छोटा तक्ता उघडेल, आणि तो भरून पाठवला की मगच साठ्यात बदल होईल. म्हणजे पहिले बटण ‘दाखवा’ जातीचे, आणि बदल करणारा निरोप ‘पोस्ट’ जातीचा. वरचा नियम पाळला गेला.

बटणावरचे शब्दही विचारपूर्वक निवडावेत. नुसते ‘ठीक आहे’ वाचून काय होणार ते कळत नाही. ‘स्थलांतराची नोंद करा’ वाचून कळते.

चौथा बदल तांबड्या शाईसाठी. वेब-टू-पायमध्ये ‘रेकॉर्ड व्हर्जनिंग’ म्हणून एक सोय आहे. ती चालू केली की ओळ बदलण्याआधीचे तिचे रूप वेगळ्या तक्त्यात जपून ठेवले जाते. पुसलेली ओळही खरोखर पुसली जात नाही, तिच्यावर ‘चालू नाही’ अशी खूण होते. बदल कोणी आणि केव्हा केला याचे रकानेही आपोआप भरतात. रेघ, जुनी नोंद आणि सही, तिन्ही परत आली.

बटण लपवले म्हणजे दार बंद झाले का?

नाही. नवशिके प्रोग्रॅमर इथेच हमखास चुकतात.

बटण म्हणजे एक पत्ता, हे आपण पाहिले. पडद्यावरून बटण काढले तरी तो पत्ता ज्याला ठाऊक आहे तो ब्राउझरमध्ये हाताने टाइप करू शकतो. १७ च्या जागी १८ लिहून पाहणे तर कोणालाही सुचेल. परवानगी खऱ्या अर्थाने सर्व्हरवरच तपासली गेली पाहिजे. कार्यालयाच्या दारावरची पाटी काढली तरी कुलूप लावावे लागतेच.

वेब-टू-पाय इथे दोन कुलपे देते. पहिले : कोणत्याही कृतीच्या डोक्यावर ‘आत आलेली व्यक्ती मुख्याध्यापक गटातली असेल तरच’ अशी एक ओळ लिहिता येते. दुसरे : ग्रिड आपल्या बटणांच्या पत्त्यांवर एक शिक्का मारते. पत्ता आणि सर्व्हरजवळची गुप्त किल्ली मिळून गणिताने हा शिक्का काढलेला असतो. पत्त्यातला एक आकडा जरी बदलला तरी शिक्का जुळत नाही आणि सर्व्हर निरोप नाकारतो. पण लक्षात ठेवा, आपण स्वतः वाढवलेल्या बटणावर हा शिक्का आपोआप पडत नाही. तो मारायला आणि तपासायला आपण सांगावे लागते.

वर्गात करून पाहा

हे सगळे संगणकाशिवायही शिकवता येते. फळ्यावर वर्गाचा तक्ता काढा. कोणते रकाने हवेत ते मुलांना ठरवू द्या. मग प्रत्येक रकान्याबद्दल विचारा : हा कोणी पाहावा? मुलांनी? सगळ्या शिक्षकांनी? गावातल्या कोणीही? ‘वडील कुठे कामाला गेले’ या रकान्यावर वर्गात चांगली चर्चा होते.

मग शिक्क्याचा खेळ खेळा. एका मुलीला सर्व्हर करा. तिने ३७ ही संख्या मनात गुप्त ठेवावी. ओळीच्या क्रमांकाला ३७ ने गुणून शेवटचे दोन अंक म्हणजे शिक्का. १७ गुणिले ३७ म्हणजे ६२९, म्हणून चिठ्ठीवर ‘१७-२९’. कोणी गुपचूप ‘१८-२९’ करून आणले तर ती लगेच पकडेल, कारण १८ गुणिले ३७ होतात ६६६ आणि शिक्का हवा ६६. थोड्या वेळाने एखादा हुशार मुलगा म्हणेल, ‘मला १ नंबरची चिठ्ठी द्या.’ तिच्यावर ‘१-३७’ असते आणि गुपित उघडे पडते! खऱ्या शिक्क्यात म्हणूनच असे गणित वापरतात की ज्यात उत्तरावरून किल्लीकडे उलटे जाणे व्यवहारात अशक्य असते. हे मुलांनाच शोधू द्या.

शेवटी एक प्रश्न ठेवा : ‘तुमचा मित्र सहा महिन्यांसाठी गावाबाहेर गेला, तर त्याच्या नावासमोर कोणते बटण असावे?’ मुले देतील ती उत्तरे लिहून घ्या. तुमच्या शाळेची यादी करणाऱ्याला, मग तो कोणी प्रोग्रॅमर असो वा तुम्ही स्वतः, तीच पहिली सूचना म्हणून द्यावी.